राऊत सरांची लाखभर वर्षं

स्टाफरूममध्ये दोन गोष्टी आपोआप साठतात, खडूचे तुकडे आणि किस्से. तुकडे शिपाई झाडून नेतो, किस्से कोण नेणार? २०१४ ते २०१९ मी डहाणूच्या शाळेत मराठी शिकवलं. माझ्याकडचे निम्मे किस्से एकट्या राऊत सरांचे. विषय भूगोल, आशागडला, समुद्रापासून बरीच आत, चिकूची वाडी, आणि तोंडात कायम हिमयुग! समोरच्या खुर्चीत गणिताच्या कुसुमबाई. त्यांचं घर वरोरला, अगदी समुद्राच्या तोंडावर. दर पावसाळ्यात बिचारीचा जीव मुठीत.

*

एकदा सरांनी नववीला हवामानाचं चक्र शिकवायला घेतलं. थंडी, ऊब, पुन्हा थंडी, एकेक फेरा लाखभर वर्षांचा. फळा पुरेना म्हणून खडूनं काढलेली काळाची रेघ भिंतीवर गेली, ती खिडकीखालून थेट दारापर्यंत!

"ही शेवटची हातभर ऊब," सर ओरडले, "शेती, गावं, आपण, सगळं हिच्यातच!"

तेवढ्यात हेडसर आले आणि नेमके तिथेच टेकून उभे राहिले.

"सर, सरका! माणसाची अख्खी शेती पुसलीत तुम्ही!"

ती शेती मग दिवसभर हेडसरांच्या पाठीवर होती.

*

डबा उघडला की सर आधी हात जोडायचे. देवाला नव्हे, हवेला! "दहा-अकरा हजार वर्षं ही बया त्यातल्या त्यात धड वागली, म्हणून ही भाकरी."

आम्ही जाम हसायचो. पण खरं सांगते, पुढे पुढे माझेही हात आपोआप जुळायला लागले. केवढ्या चांगल्या वेळी जन्माला आलो आपण! अजूनही जोडते.

*

तलासरीचे एक टेम्पोवाले पालक मीटिंगला आले होते. म्हणाले, "सर, हे सगळं निसर्गाचं चक्रच ना? मग धुराच्या नावानं एवढी बोंब कशाला?"

"घाटातली वळणं कोणाची?"

"निसर्गाची."

"मग तिथे सुसाट का नाही जात?"

"अहो, वळण डोंगराचं असलं तरी स्पीड माझा ना!"

"बस! आता हेच वर्गात येऊन सांगा," सर म्हणाले. आणि त्यांना खरंच हाताला धरून घेऊन गेले!

*

एका पावसाळ्यात सर असेच रंगात आले होते. समुद्र कसा मागे गेला, कसा पुढे आला, हजारो वर्षांच्या गप्पा. कुसुमबाईंनी डबा आपटला.

"सर, तुमचा समुद्र हजारो वर्षांनी येतो. माझा काल उधाणाला चुलीपर्यंत आला! आणि सासूबाई घर सोडायला तयार नाहीत. म्हणतात, दर्याला दरवर्षी नारळ देतो, तो आपलं वाईट करणार नाही."

बोलता बोलता रडायलाच लागल्या. सरांनी हातातला घास डब्यात ठेवला.

"रविवारी येतो तुमच्याकडे," एवढंच म्हणाले.

*

रविवारी मीही गेले सोबत. सासूबाई ओट्यावर बोंबील निवडत होत्या. सरांनी सुरुवात केली, अर्थातच हिमयुगापासून! "मावशी, तेव्हा दर्या पार तिकडे होता, आता तुमच्या बोटी जातात तिथे. तिकडेही माणसं राहत असतील. दर्या वर येत गेला, तशी ती मागे आली. म्हणून आज आपण आहोत."

मावशींचा हात थांबला. "म्हणजे पळाली नाहीत?"

"नाही. मागे सरकली."

"दर्याला जागा दिली म्हणा की."

"हो मावशी."

त्यांनी बोंबलांची टोपली बाजूला सारली. मग म्हणाल्या, "चला, आपणही देऊ."

सरांच्या वाडीत दोन खोल्या रिकाम्याच होत्या. दिवाळीआधी सामान आलं. कुसुमबाई सरांच्या पाया पडायला वाकल्या, तर सर लाजून चिकूच्या झाडामागे गेले!

मावशींनी दोन्ही खोल्या फिरून पाहिल्या. "मास्तर, इथवर कधी येईल तो?"

"इथे? काळजीच सोडा मावशी, हजारो वर्षं लागतील."

"बरं. मग हे दार बुजवा आणि पश्चिमेला काढा. येईल तेव्हा समोरून दिसला पाहिजे."

दुसऱ्या दिवशी सरांनी गवंडी बोलावला.