मामांचं ‘कशावरून?’

माझ्या बायकोच्या मामांनी आजवर जगातली एकही गोष्ट पहिल्या झटक्यात खरी मानलेली नाही. स्वतःची जन्मतारीखसुद्धा नाही. शाळेच्या दाखल्यावर एक जून आहे, पण “त्या मास्तरान् अख्ख्या वर्गाला एक जून लावलान. आम्ही काय भाताच्या रोपांसारखे एकदम उगवलो?” असं म्हणत ते वाढदिवसाचा पेढा हातात घेतात, आणि तोंडात टाकण्याआधी त्याचा वास घेतात. वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून त्यांची हयात गेली. मामा खात्यातून निवृत्त झाले, खातं मामांतून झालं नाही. पावसहून रत्नागिरीत बाजाराला येताना त्यांच्या पिशवीत फडक्यात गुंडाळलेलं एक किलोचं लोखंडी वजन असतंच. आधी ते काट्यावर ठेवायचं, काटा खरा ठरला की मग कांदे. पेट्रोल पंपावर गाडीत तेल भरण्याआधी ते तिथलं पाच लिटरचं माप मागून घेतात आणि मागे गाड्यांची रांग लागते. रांगेतला एखादा ओरडतो, तेव्हा मामा शांतपणे सांगतात, “तुझंच तेल मोजतोय रे, बाबा.” फक्त मासळीवाल्या हाजराबीने त्यांना एकदा पेचात पकडलं होतं. “मामा, आमचा काटा खोटा म्हनतांव, पन तुमचा वजन खरा कशावरनं?” मामा त्या दिवशी मासळी न घेता परतले. दुसऱ्या दिवशी स्वतःचं वजन सरकारी कचेरीत तपासून, त्यावर शिक्का मारून आणलं, आणि तो शिक्का दाखवायला आधी हाजराबीकडे गेले.

आंब्याची पेटी कोणी भेट दिली तर ते ती देणाऱ्यासमोरच उलटी करून तळातून उघडतात. “वरच्या थरात आंबे दिसतात, खालच्या थरात माणूस दिसतो,” हे त्यांचं मत. एकदा जमिनीच्या भांडणात गावच्या देवाला कौल लावला. गुरवाने पाण्यात भिजवून पाकळ्या मूर्तीला चिकटवल्या, उजवी आधी पडली, निकाल मामांच्या बाजूने लागला. सगळे हात जोडत असताना मामा म्हणाले, “डाव्या पाकळीला पाणी जास्त लावलंस.” गुरव कळवळून म्हणाला, “मामा, निदान देवावर तरी विश्वास ठेवा!” मामा म्हणाले, “देवावर आहे रे. पाणी तू लावलंस.” आणि स्वतःच्या बाजूचा कौल त्यांनी पुन्हा लावायला लावला. या सगळ्याचं सार त्यांच्या एका शब्दात आहे: ‘कशावरून?’ ऊन पडलंय म्हटलं तरी ‘कशावरून?’ विचारून ते अंगणात येतात.

मी याच्या अगदी उलट. मी हायस्कुलात भूगोल शिकवतो. ज्या समुद्राच्या तळाशी मी कधी गेलो नाही, त्याची खोली मी मुलांना बिनदिक्कत सांगतो. छापलेलं ते खरं, हाच आमच्या धंद्याचा पाया. मामा मला चेष्टेने ‘बिनकाट्याचे जावई’ म्हणतात. मला त्याचा थोडा अभिमानही होता. माणसाने विश्वास ठेवावा, संशयाने घरं मोडतात, असं मी वर्गातही सांगत असे.

तर अशा मला माझ्या मुलाने, तन्मयने, एका गणपतीत आरती संपल्यावर स्वयंपाकघरात उभं राहून सांगितलं, “बाबा, मला मुली आवडत नाहीत. मुलगे आवडतात. लहानपणापासून तसंच आहे. लग्नाचं बघू नका.” त्याच्या आईने ताटातला मोदक परत पातेल्यात ठेवला आणि बराच वेळ ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मी मात्र, जन्मभर सगळ्यांचं सगळं खरं मानणारा, माझ्या मुलाचं खरं मानायला तयार होईना. पुण्यातल्या हॉस्टेलची संगत असेल, मोबाइल असेल, वय असेल. तो बोलायचा आणि मी मनात म्हणायचो, कशावरून?

पुढे एका सहकाऱ्याने माझ्या हातात एक पत्रक ठेवलं. गुळगुळीत कागद, कमळावर बसलेली आकृती, आणि खाली ‘स्वभाव-परिवर्तन. हमखास. गुप्तता राखली जाईल.’ कोणी एक ‘सर’ शहरातल्या लॉजच्या हॉलमध्ये येऊन मुलांना ‘सरळ मार्गावर’ आणत. ते मात्र मला एका वाचनात पटलं. छापलेलं होतं ना! तन्मय नको म्हणाला. मी त्याला आईची शपथ घातली. ही शपथ आईला न विचारता घातली होती, हेही इथे सांगून टाकतो.

त्या रविवारी नेमके मामा आमच्याकडे होते. मी त्यांना सांगितलं, तन्मयला अशक्तपणा आहे, डॉक्टरांना दाखवून येतो. मामांनी पोराकडे पाहिलं. सकाळीच त्याने माडावर चढून शहाळी काढली होती. “अशक्तपणा,” मामा म्हणाले आणि पिशवी घेऊन रिक्षात येऊन बसले.

हॉलमध्ये आमच्यासारखी आणखी काही कुटुंबं होती. कोणी कोणाकडे पाहत नव्हतं. पांढऱ्या कपड्यातले सर आले, हसले, ‘परिवर्तनाचे तीन टप्पे’ सांगू लागले, आणि मामा खुर्चीतून उठले.

“डॉक्टर ना तुम्ही?”

“मी मार्गदर्शक आहे, काका.”

“असू दे. आधी किती होतं नि नंतर किती राहिलं, हे मोजता कशात? काटा कुठाय?”

“काका, हे मनाचं असतं. ते मोजता येत नाही.”

“मग फी कशी मोजून घेता?”

मागच्या रांगेत कोणीतरी खुदकन हसलं आणि लगेच खोकलं. मी मामांचा सदरा ओढत होतो. सर म्हणाले, “विश्वास ठेवावा लागतो.” मामा म्हणाले, “हे वाक्य मला काट्याखाली लोहचुंबक लावलेल्या प्रत्येक दुकानदाराने ऐकवलेलं आहे. आणि फरक नाही पडला तर माल परत घेता काय?” मग अचानक त्यांच्या ध्यानात आलं की माल काय आहे हेच आपल्याला ठाऊक नाही. ते तन्मयकडे वळले. “तुला झालंय काय?”

“मला काही झालेलं नाही, आजोबा,” तन्मय सगळ्यांसमोर म्हणाला. एकेक शब्द पुरता बोलला. “मला मुलगे आवडतात. बाबांना ते बदलून हवंय.”

मी डोळे मिटले आणि तो शब्द यायची वाट पाहिली. पेढ्याला, पेट्रोलला, देवाच्या पाकळीला न चुकलेला शब्द. आला नाही. डोळे उघडले तेव्हा मामा त्याच्याकडे, शिक्का ताजा असलेल्या वजनाकडे पाहावं तसं पाहत होते. “बरं,” ते म्हणाले. एवढंच. मग माझ्याकडे वळून अगदी हळू आवाजात म्हणाले, “जावईबापू, घरच्या पोराचं खोटं वाटलं, आणि हा चिठोरा खरा वाटला? चला.” आम्ही निघालो. आमच्या मागोमाग आणखी एक बाई आपल्या मुलीचा हात धरून जिना उतरली.

मामांचा संशय त्या दिवसापासून एका कामाला लागला. तन्मय पुण्याहून एका कायद्याचा मसुदा घेऊन आला. असले ‘उपचार’ विकण्याला बंदी घालावी अशी मागणी त्याची मित्रमंडळी करत होती. त्याने सांगितलं की डॉक्टरने हे केलं तर ते गैरवर्तन, असं आधीच ठरलेलं आहे. मामा म्हणाले, “तो लॉजवाला डॉक्टर कुठे होता?” मग पडवीत बसून आजोबा-नातू एकेका शब्दावर भांडले. “‘उपचार’ लिहू नकोस. उद्या ते ‘शिबिर’ म्हणतील.” “लिहिलं शिबिर.” “मग संस्कारवर्ग म्हणतील.” “आजोबा, तेही लिहिलं!” “‘फी घेऊन’ काय म्हणून? देणगी घेतील. श्रीफळावर करतील. नि फुकट केलं तर पोराला कमी दुखतं काय?” तन्मय डोकं धरून हसायचा. त्या महिन्यांत मी त्याचं हसणं बहुतेक दुसऱ्या खोलीतूनच ऐकलं.

पुढे एक लोकप्रतिनिधी पावसला आले, तेव्हा मामांनी गर्दीत घुसून त्यांच्या टेबलावर किलोचं वजन ठेवलं. हार घालणारे दोन पावलं मागे सरले. “साहेब, भाजीवालीच्या किलोला शिक्का लागतो. पोराचं आयुष्य बदलून देतो म्हणणाऱ्याला काहीच लागत नाही?” साहेब म्हणाले, “काका, विषय नाजूक आहे.” मामा म्हणाले, “नाजूक मालालाच बारीक काटा लागतो. सोनाराकडे बघा.” साहेबांनी लक्ष घालण्याचं आश्वासन दिलं. “कशावरून?” मामांनी विचारलं, पण तोवर बँजो सुरू झाला होता.

तन्मय आता घरी येतो, बोलतो, सुट्टीत मित्रालाही घेऊन येतो. मित्र मासे चांगले तळतो. पण परवा तन्मय खोकत होता म्हणून मी म्हटलं, चल, डॉक्टरकडे जाऊन येऊ. त्याने झटकन वर पाहिलं. “कुठला डॉक्टर?” ती नजर मी ओळखतो. मामांना ती नोकरीने दिली होती, त्याला मी दिली.

आणि मामा हल्ली विसरतात. गेल्या आठवड्यात त्यांनी पापलेट वजन न करताच पिशवीत टाकलं. हाजराबी काकुळतीला येऊन मागून हाका मारत होती, “काय वो मामा, काटा बघा ना! लोखंड ठेवा ना तुमचा!” त्यांनी हात हलवला, राहू दे म्हणून. तिने माझ्याकडे पाहिलं आणि पदर डोळ्यांना लावला. मी पिशवीतून ते वजन काढून तिच्या काट्यावर ठेवलं. काटा अगदी बरोबर होता.

पावसला त्यांच्या घरी पोचवायला जाताना रिक्षात मामांनी विचारलं, “त्या पोराचा कायदा झाला काय हो?” भेटले की ते हेच विचारतात. दरवेळी ‘नाही’ म्हणून मी थकलो होतो. म्हातारा माणूस, संध्याकाळपर्यंत विसरेल, असं वाटलं आणि मी म्हणालो, “झाला, मामा.”

त्यांचा चेहरा क्षणभर उजळला. मग डोळे बारीक झाले, आणि हात पुढे आला.

“कागद दाखवा.”

माझ्याकडे कागद नव्हता. पावस येईपर्यंत तो हात तसाच पुढे होता, आणि मी तो हातात धरून बसलो होतो.