एका दमातली ओळ

मुंबईच्या उपनगरांतल्या अर्ध्याअधिक पोरांना शेवटचा घास आमच्या ताईंनी भरवला आहे, आणि त्यांतल्या एकालाही त्यांचं नाव ठाऊक नाही. बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत ज्या ज्या घरात टीव्ही लावल्याशिवाय पोर तोंड उघडत नाही, त्या प्रत्येक घरात ताई सात वर्षांच्या मुलाच्या आवाजात रोज हजर असायच्या. अंधेरीतल्या एका गल्लीत, टायरच्या दुकानावर, आमचा डबिंगचा स्टुडिओ आहे. तिथे परदेशी कार्टून मराठीत येतात. मी संवाद लिहितो, ताई बोलायच्या. मोन्या नावाचा एक उचापती मुलगा त्यांनी नऊ वर्षं बोलला. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी घरात मूल नाही म्हणून कुणी हळहळलं, की ताई मोन्याच्याच आवाजात विचारायच्या, "मग मी कोण आहे, काकू?" काकू पोट धरून हसायच्या. ताई हसत नसत, पण ते काकूंच्या लक्षात यायचं नाही.

स्वतःचा आवाज त्या फार क्वचित वापरायच्या. कांदिवलीला भाजी घ्यायची ती सत्तरीच्या म्हातारीच्या आवाजात. त्या आवाजाला कोथिंबीर फुकट मिळते, असा त्यांचा अनुभव होता. कर्ज हवंय का म्हणून फोन आला की मोन्या सांगायचा, "आई आंघोळ करतेय, बाबा झोपलेत, मला सायकलसाठी देता का?" एकदा रिक्षावाला यायला नकार देत होता, तर त्यांनी मालिकेतल्या सासूचा आवाज लावला आणि तो माणूस मुकाट्याने मीटर टाकून गोरेगावपर्यंत आला. रडण्याचे त्यांच्याकडे अकरा प्रकार होते. रेकॉर्डिंग करणाऱ्या सावंतकाकांनी नुसतं "चार नंबर" म्हटलं की माहेरची पिशवी हातात घेऊन दारात उभ्या असलेल्या सुनेचं रडणं सुरू व्हायचं, आणि "बस" म्हटलं की बंद. बर्फ नाही, दही नाही, बांगड्या नाहीत, सळसळणारी साडी नाही. गरम पाण्याचा थर्मास मात्र कायम काखेत. माईकला पोटातला गुरगुराटही ऐकू जातो, म्हणून दर तासाला दोन ग्लुकोज बिस्किटं. हा नियम त्यांनी मलाही लावला. मी माईकसमोर कधीच उभा राहत नसे, पण माझ्या पोटावर त्यांचा विश्वास नव्हता.

त्याला कारणही होतं. मी आलो तेव्हा खरंच उपाशी असायचो. वडील तालुक्याच्या बाजार समितीत हमाली करायचे. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला, आणि मराठी घेऊन बी.ए. झालेल्या मुलाला मुंबईत काय काम मिळणार, याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं. स्टुडिओत चिकटलो. पहिल्याच भागात मोन्याच्या तोंडी मी लिहिलं, "आई, मला विलंब झाला याबद्दल मी दिलगीर आहे." ताईंनी काचेपलीकडून ओरडून विचारलं, "मास्तर, हे पोर आहे का तहसीलदार?" तेव्हापासून मी मास्तर झालो. मालकांनी मला काढायचं ठरवलं, तेव्हा ताईंनी महिनाभराची मुदत मागून घेतली. मग रोज दुपारी डब्यातले बोंबील माझ्या पोळीवर ठेवून त्या मला शिकवायच्या, "आधी आरशासमोर तोंड हलव. ओठ मिटले तिथे प, ब, म. तोंड उघडं असेल तर शब्द संपवायचा नाही. पोर काय म्हणतंय ते नंतर बघ, कसं म्हणतंय ते आधी बघ." माझ्या पदवीने मला जे दिलं नाही ते त्या महिन्याने दिलं. हे मी त्यांना एकदा सांगायला गेलो, तर म्हणाल्या, "बोंबील खा. भाषण लिहून आण, मग बोलते."

त्यांचा खरा अभिमान होता दमाचा. त्या वर्सोव्याच्या कोळीवाड्यातल्या. मढच्या फेरीबोटीतल्या बापाला या काठावरून हाक मारून जेवायला बोलवायचं काम लहानपणी त्यांच्याकडे होतं. तो दम मोन्याला कामाला आला. दर भागात मोन्या घरी उशिरा येतो आणि आईला त्याचं कारण एका श्वासात सांगतो. "आई गं मी वेळेवरच निघालो होतो पण वाटेत एक कुत्रा भेटला त्याच्या तोंडात चप्पल होती म्हणजे त्याची नव्हती पण ज्यांची होती ते आजोबा एका पायावर उभे होते आणि मग मला वाटलं..." असं पडद्यावर त्या पोराचं तोंड मिटेपर्यंत. बाकीचे कलाकार अशी ओळ दोन-तीन तुकड्यांत बोलतात, रेकॉर्डिस्ट जोडून देतो, ऐकणाऱ्याला कळतही नाही. ताईंना ते चालायचं नाही. "तोडून बोललेलं पोर खोटं वाटतं," म्हणायच्या. ओळ फसली तर पुन्हा पहिल्यापासून.

आणि एका सकाळी त्या बूथमध्ये गेल्या, हेडफोन लावला आणि आवाजाची पातळी तपासताना माईकमध्ये म्हणाल्या, "सावंतकाका, आजपासून माईकसमोर तिघं आहेत." काकांनी खुर्च्या मोजल्या. मग त्यांना कळलं, आणि हा साठीतला मालवणी माणूस हेडफोनसकट उठला, वायर खेचली गेली आणि चहा की-बोर्डवर सांडला. त्यानंतर दोन महिने पोट गुरगुरलं की ताई हात वर करायच्या, "मी नाही, डावा बोलला." डाव्याला मोन्या आवडतो आणि उजवा झोपाळू आहे, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. उजवा पुढे मुलगी निघाली.

पण थांबायचं कधी, हे ठरत नव्हतं. आमच्या कामात बाळंतपणाची रजा नसते. एखादा दोन महिने आला नाही, की त्याचा आवाज दुसऱ्याकडे जातो आणि परत मागता येत नाही. सासूबाईंचं मत, लगेच थांब. वर्सोव्याहून आई यायची आणि म्हणायची, "आम्ही नवव्यापर्यंत मासळीच्या पाट्या उचलल्या गो, पण आमची एकेकच होती. तू सातव्यात बस." मिस्टर म्हणायचे, डॉक्टर सांगतील ते. डॉक्टरांनी काय सांगितलं, हे ताई कुणाला सांगत नसत. मी विचारलं तर म्हणाल्या, "तारीख नाही दिली रे. कळेल म्हणाल्या." त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं, त्यांचं काहीतरी ठरलं आहे. मी पुढे विचारलं नाही.

सहावा संपत आला तेव्हा एका कारणाला त्यांना चार टेक लागले. नऊ वर्षांत मी दोनच्या वर टेक पाहिले नव्हते. चौथ्यांदा ओळ झाली, पण नंतर त्या स्टँड धरून उभ्या राहिल्या आणि काचेतून माझ्याकडे बघून उगाच अंगठा दाखवला. मला एकच कळलं, की ही ओळ त्यांना जमली नाही तर मोन्या जाईल, आणि मोन्या गेला तर ताईंचं काय उरेल. ज्यांनी मला उभं केलं त्यांच्यासाठी मला दुसरं काही करता येत नव्हतं. लिहिता येत होतं. पुढच्या आठवड्याच्या भागात मोन्या कारण सांगताना बूट काढायला वळतो. पाठ आपल्याकडे, तोंड दिसत नाही, आणि आई पडद्याबाहेर. तिथे मी त्याच्या आईच्या तोंडी दोन शब्द घातले, "बरं, मग?" तेवढ्यात मोन्याला श्वास मिळाला. त्यापुढच्या भागात ती दोनदा म्हणाली. दमाला जड जाणारे शब्दही मी निवडून काढू लागलो. फुफाट्याची धूळ झाली, भोंग्याची शिट्टी झाली. तिसऱ्या भागाला सावंतकाका माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले, पडद्याकडे बघत राहिले आणि हळूच म्हणाले, "तू काय करतस तां माका दिसता. कर. पण ताईक सांगू नको."

ताई खुलल्या. दर वेळी पहिल्याच टेकला ओळ होत होती. पाचव्या भागाच्या दिवशी तर बूथमधून बाहेर येऊन त्यांनी कमरेवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "बघ मास्तर, आठवा लागला तरी दम शाबूत!" पाय इतके सुजले होते की चपला सावंतकाकांच्या होत्या. आम्ही तिघंही त्या चपलांवरून हसलो. त्या हसण्याची मला आज लाज वाटते.

तीन दिवसांनी घरी त्यांना समोरचं दिसेना. दवाखान्यात नेलं तेव्हा रक्तदाब वर गेलेला. त्याच दुपारी दोन्ही मुलं बाहेर काढली. मुलगा आणि मुलगी, दोघंही तळहातावर मावतील एवढी. मुलगा अकरा दिवस होता. मी दवाखान्याच्या जिन्यापर्यंत तीनदा गेलो आणि तीनदा खालूनच परत आलो. मिस्टर जिन्यात भेटले, तेव्हा म्हणाले, "थोडं आधी आणलं असतं तर, असं मी डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, तसं सांगता येत नाही." आणि माझ्याच खांद्यावर हात ठेवून मला म्हणाले, "तू जेवलास का?"

तीन महिन्यांनी मी कांदिवलीला ताईंच्या घरी गेलो. मुलगी पाळण्यात झोपली होती. खिडकीच्या जाळीवर छोटे छोटे कपडे वाळत होते, एकाच मापाचे, एकीचेच. ताई दुपट्यांच्या घड्या घालत होत्या. मी बसलो आणि पाणी यायच्या आतच बोलून टाकलं. "ताई, मी तुमच्या ओळींत श्वास घालत होतो."

घडी थांबली नाही. "किती भाग?"

"पाच."

"पाच," त्या म्हणाल्या. घातलेली घडी त्यांनी उलगडली आणि पुन्हा घातली. "डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, बोलताना दम लागायला लागला की त्या दिवशी काम बंद आणि थेट माझ्याकडे. मी म्हटलं, मला कसं कळणार? माझा जन्म दम लपवण्यात गेला. मग मनाशी ठरवलं, मोन्याचं कारण ज्या दिवशी सलग जाणार नाही, त्या दिवशी बास. त्याच पावली दवाखाना. कुणाला बोलले नाही. बोलले असते तर तुम्ही सगळे माझी नाडी धरून बसला असता."

मी खाली बघत होतो. त्यांच्या घरातल्या फरशीवर कोपऱ्यात एक तडा आहे, तो मला अजून डोळे मिटून काढता येईल. चार टेक लागले तो दिवस आठवला. ओळ तेव्हा चौथ्यांदा का होईना, सलग गेली होती. पुढच्या आठवड्यात गेली नसती. त्या पुढच्या आठवड्यात ओळ माझी होती.

दुपट्यांचा ढीग बाजूला सारून त्या म्हणाल्या, "मास्तर, इकडे बघ. नऊ वर्षं त्या बाईने पोराला मधे एकदाही टोकलं नाही, आणि अचानक विचारायला लागली, बरं, मग? मला कळलं नाही होय रे? दुसऱ्याच भागाला कळलं. चष्मा लावून दोनदा वाचलं मी. म्हटलं, चला, अजून एक आठवडा मोन्या आपला. तू श्वास ठेवलास, मी घेतला. आता उठ, चहा टाक. मला उठवत नाही."

मी चहा टाकला. साखर जास्त झाली. त्या तो सगळा प्यायल्या.

ताईंना खरंच कळलं होतं का? मग त्या पाचव्या भागाच्या दिवशी कमरेवर हात ठेवून "दम शाबूत" म्हणताना चेहऱ्यावर जो आनंद होता, तो कसला? म्हातारीचा, सासूचा, मोन्याचा, असे कितीतरी आवाज मी त्यांच्या तोंडून ऐकले आहेत. कांदिवलीच्या घरी ऐकला तो आवाज त्यांचा स्वतःचा होता, की समोर मान खाली घालून बसलेल्या माणसासाठी त्यांनी लावलेला बारावा प्रकार होता, हे मला आजही ठरवता येत नाही. पुन्हा विचारायची माझी हिंमत नाही. विचारलं, तर त्या हाच आवाज पुन्हा लावतील.

मोन्या आता मुलुंडची एक कॉलेजातली मुलगी बोलते. तिचा दम चांगला आहे, कारणं ती सलग म्हणते. वर्षभराने ताई परत आल्या, तेव्हा आईचं काम करणाऱ्या बाई मुलाकडे राहायला गेल्या होत्या. मालकांनी ताईंना मोन्याची आई देऊ केली. छोटं काम, चार-दोन शब्दांचं. त्यांनी लगेच घेतलं. मला एवढंच सांगितलं, "त्या पोरीला गरज नसली तरी ते 'बरं, मग?' काढू नकोस."

मी काढलेलं नाही. पडद्यावर मोन्या बूट काढायला पाठमोरा होतो, ताई माईककडे वाकतात आणि विचारतात, "बरं, मग?" त्यांचं काम तिथे संपतं. त्या मात्र हेडफोन काढत नाहीत. पोराचं सगळं सांगून होईपर्यंत वाकूनच उभ्या राहतात, आणि सावंतकाकाही तोवर बटणाला हात लावत नाहीत.