बाबांनी हात न लावलेला स्क्रीन

वळ गावच्या गोदामांतला माल वाहणारा जो टेम्पो बाबा चालवायचे, तो शेठचा होता. डिझेलचा काटा कायमचा बंद, म्हणून टाकीत काठी बुडवून बघायचं. त्या पगारात आम्ही एका खोलीत राहिलो आणि मी शिकलो. घरातला पहिला पदवीधर मी, पहिली गाडीही मीच घेतली. घेतलं ते सगळ्यात वरचं मॉडेल. बटणं जवळजवळ नाहीतच, सगळं स्क्रीनवर.

नव्या गाडीच्या पूजेच्या दिवशी आईने टेम्पोच्या डॅशबोर्डला लावायची तसं ओलं कुंकू थेट स्क्रीनला लावलं. रेडिओ मोठ्याने सुरू झाला. शेजारी हसले आणि मी ओरडलो, "कुणी हात लावू नका त्याला. महाग आहे ते."

पुढे एकदा पडघ्याला वडे खाऊन आम्ही पावसात परतत होतो. गाडी बाबा चालवत होते. समोरची काच वाफेने पांढरी झाली. बाबांनी खिडकी खाली केली आणि मान बाहेर काढून, भिजत, ट्रकांमधून गाडी नेऊ लागले.

"बाबा, स्क्रीनवर दाबा ना."

"ऱ्हाऊ दे. हात तेलकट हायेत. परत ओरडशील."

मग मीच शोधू लागलो. काच साफ करायचं चिन्ह कुठल्या पानात दडलंय ते मलाही सापडेना. तेवढ्यात एक ट्रक अगदी घासून गेला. गाडी बनवणाऱ्याची चूक होतीच, पण बाबांचा हात मी अडवला होता. ते मला अजून सलतं.

ती गाडी देऊन आम्ही खालचं मॉडेल घेतलं. त्यात काचेसाठी गोल बटण आहे, न बघता हाताला लागतं. आता घरची गाडी बाबाच चालवतात.