लख्ख पुसलेल्या जागा

आमचे हे जिथे जातील तिथे टिचक्या मारतात. भिंतीला, टाकीला, कलिंगडाला, एकदा तर माझ्या बाबांच्या टकलाला! खाणीत त्यांना सगळे 'टिचकी'च म्हणतात. काम मात्र जिवाशी गाठ. कोळशाच्या खाणीत छताचे तुकडे पडू नयेत म्हणून त्याच्यावर पातळ लेप फवारतात. तो नीट बसलाय का, हे यांनी तपासायचं. वाळलेल्या लेपावर लोखंडी चकती चिकटवायची आणि जॅकने ओढायची. चकतीमागे कोळसा उखडून आला तर पास. नुसती धूळ आली तर लेप धुळीला धरून बसलाय, कोळशाला नाही. कुठे ओढायचं ते हे फवारणीच्या आधीच लाल फिती बांधून ठरवायचे.

त्या दिवशी सगळ्या चकत्या पास. स्वारी खुशीत जेवत होती. यांचे धाकटे भाऊ फवारणीच्या टोळीत आहेत. मी आपलं सहज म्हटलं, "भाऊजी पाळीवर जाताना सांगत होते, दादाची मान खाली जायला नको म्हणून फितीजवळच्या जागा आम्ही फवारणीआधी पाणी मारून लख्ख पुसल्या."

यांचा घास हातातच राहिला. "आणि बाकीचं छत?"

"मला काय ठाऊक!" म्हणाले खरी, आणि मग आठवलं. भाऊजी आत्ता त्याच छताखाली होते.

खाणीत फोन लावून हे किंचाळलेच, "आधी माणसं बाहेर काढा, कारण मग विचारा!" आणि खरकट्या हाताने धावत सुटले. मी मागून.

खाणीच्या तोंडाशी माणसं वर आणणारा पाळणा आला. त्यात भाऊजी नव्हते. मनात नको नको ते येत होतं. दुसऱ्या खेपेला आले, काळेठिक्कर, वर दात काढत. "काय रे दादा, उगाच घाबरवलंस! एक खडासुद्धा पडला नाही."

"सुटलाय, पण लेपाने झाकलाय म्हणून दिसला नाही, गाढवा!" यांचा आवाज फाटला.

पाळी संपायच्या आत छत कोसळलं, लेपासकट. खाली कोणी नव्हतं.

आता हे फिती बांधत नाहीत. भाऊजी कामावर निघाले की दारात अडवून विचारतात, "माझ्यासाठी काही पुसलं नाहीस ना रे?"

"नाही दादा," भाऊजी म्हणतात.

भावावर फार जीव आहे हो भाऊजींचा. म्हणूनच मला ते खरं वाटत नाही.