चौकोनात न मावलेला खांदा

त्या काळी वेबसाइटवर किती लोक येऊन गेले याचा आकडा दाखवायची टूम होती. पानाच्या तळाशी काळ्या पट्टीत आकडे फिरायचे आणि गिऱ्हाईक आधी तेच विचारायचं. मग सरकत्या पाट्या आल्या, लुकलुकणारं 'नवीन' आलं. यवतमाळच्या बसस्टँडमागे एका खोलीत बसून मी हे सगळं मन लावून बनवायचो. आज त्याचं हसू येतं. लाज वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची.

कापसाची ती वाईट वर्षं होती. इंटरनेटवर आमच्या जिल्ह्याचं नाव टाकलं की रडके चेहरेच दिसायचे. नवरा गमावलेल्या बायकांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेनं मला वेबसाइट बनवायला सांगितली. पहिल्या पानावर मोठा फोटो हवा होता. माझ्याकडे एक होता, वणीच्या रस्त्यावरच्या खेड्यात वेचणी चालू असताना मीच काढलेला. चाळिशीची बाई, उन्हानं डोळे बारीक केलेले, कपाळ मोकळं. मोकळं कपाळ म्हणजे विधवा, हे मी घरात आई-काकूंकडे बघत शिकलो होतो. त्यापलीकडे काही असेल हे डोक्यातच आलं नाही. नावगाव विचारायची तसदीही घेतली नव्हती. जागा चौकोनी होती, म्हणून हनुवटीखालचं सगळं आणि शेजारी उभा असलेला माणूस छाटला, आणि मूळ फोटोवरच सेव्ह केलं.

महिनाभरानं ती बाई दुकानात आली. सोबत तो छाटलेला माणूस, तिचा नवरा. त्यांची मुलगी यवतमाळला कॉलेजात होती. मैत्रिणींनी फोटो पाहिला आणि तिच्या खोलीवर सांत्वनाला गेल्या. पोरगी मिळेल त्या एसटीनं रडत गावी पोचली, तर बाप ओसरीवर चहा पीत बसलेला. बाईनं मला शांतपणे सांगितलं की सासूनं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हापासून त्यांच्या घरात कोणी कुंकू लावत नाही. मग म्हणाली,

"कपाळ पाह्यलं तुमी. मले काहून नाही इचारलं?"

त्यांच्यादेखत मी फोटो काढून टाकला. रिकाम्या चौकोनाकडे बघत तिनं विचारलं, गेला ना? मी गेला म्हणालो, आणि मला खरंच तसं वाटत होतं. नवरा मात्र अजून पडद्याकडेच बघत होता. त्या फोटोत त्याचा खांदा बायकोला लागून होता, तो कुठे गेला, असं त्यानं विचारलं. सगळा फोटो घरी आहे, आणून देतो, असं मी ठोकून दिलं.

फोटो कसला जातो! कोणीतरी तो आधीच उचलला होता. आधी 'दहा जणांना पाठवा' म्हणणाऱ्या ई-मेलमधून फिरला, मग कोणाच्या ब्लॉगवर चढला, पुढे त्याच्या शेजारी मेणबत्ती आली. आता खाली रडकं गाणं असतं. टूम बदलते, बाई तीच. दिसेल तिथे मी काढा म्हणून लिहितो. एकानं कळवलं, बाई कोण का असेना, भावना पोचल्याशी मतलब. अशी तिडीक गेली डोक्यात! पण त्याला कोणत्या तोंडानं बोलू? मीही तेच केलं होतं.

फोटो पुन्हा फिरू लागला की नवऱ्याचा फोन यायचा. यंदा बी मेलो का जी मी, म्हणून हसायचा. नंतर हळूच त्या सगळ्या फोटोचं विचारायचा. शोधतो म्हणायचो. अशी किती वर्षं काढली मी.

गेल्या हिवाळ्यात तो खरोखर गेला. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी गेलो. बुद्धाच्या मूर्तीजवळ त्याचा फोटो ठेवला होता, कुठल्याशा ओळखपत्रावरून मोठा केलेला, नाकडोळे पुसट झालेले. लोक जेवायला उठले तशी ती माझ्याजवळ आली. दोघांचा मिळून दुसरा फोटोच नाही, आता तरी तो आणून द्या, म्हणाली.

मी सांगून टाकलं. तो फोटो नाही. पहिल्याच दिवशी छाटताना मी तो पुसला होता, तुम्ही दुकानात आलात तेव्हाही नव्हता.

ती रागावली असती तर बरं झालं असतं.

"मंग तवाच सांगाचं होतं," ती म्हणाली. "थे होते तवा. दुसरा काढला असता."