माणसं उचलणारा मामा

माणूस भेटला की कुणी नमस्कार करतं, कुणी गळ्यात पडतं. माझा धाकटा मामा मात्र भेटेल त्याला उचलायचा. बगलेत हात घालून सरळ वर, आणि वरच्यावर तोलत, डोळे मिटून, वजनाचा अंदाज. "अक्का, घटलीस. सासरी जेवू घालायलेत का न्हाई?" असं तो माझ्या आईला अधांतरीच विचारायचा, आणि आई पदर सावरत, "ठेव मला खाली, मुडद्या," म्हणायची. लग्नाच्या मांडवात तो शिरला की विहिणी खांबाला धरून उभ्या राहत. ताडकळसच्या बाजारात आमच्या आजोबांचं गुळाचं दुकान होतं. तिथं एकदा निजामाच्या पोलिसांचे अमीनसाहेब दौऱ्यावरून परतताना उतरले, तर मामानं त्यांनाही उचललं. सगळ्या पेठेनं श्वास रोखला. "साब, दौरे में खाना अच्छा मिला दिखता," मामा म्हणाला. खाली आल्यावर अमीनसाहेबांनी टोपी नीट केली आणि इकडंतिकडं बघत हळूच विचारलं, "भोत बढा क्या?"

हे वेड मागाहूनचं. त्याचं मूळ वेड दगडांचं. गुळाच्या ढेपा उचलता उचलता तो तालमीत पोचला, आणि तालमीतून जत्रेत. महादेवाच्या जत्रेत तेव्हा गोटा उचलायची शर्यत लागायची. बसलेल्या म्हशीएवढा वाटणारा तो गुळगुळीत दगड जमिनीवरून मांडीवर, मांडीवरून छातीवर आणि छातीवरून खांद्यावर घ्यायचा. जो घेईल त्याला फेटा. मामा त्या फेट्यासाठीच जगायचा. झोपतानासुद्धा जात्याचा दगड पोटावर ठेवायचा. श्वासाला सवय पाहिजे म्हणे. आजोबांना, म्हणजे आप्पांना, हे बघवत नसे. "दुकानदाराच्या पोरानं हमाली करावी का? औंदा गोटा खांद्यावर गेला तर तालीम तुझी. न्हाई गेला तर दगडाला हात लावायचा न्हाई, गादीवर बसायचं." मामानं आप्पांच्या पायाला हात लावून कबूल केलं.

आम्ही लिंगायत. गळ्यातलं इष्टलिंग आम्ही मरेपर्यंत उतरवत नाही. मामाचं चांदीच्या डबीत छातीवर असायचं. गोट्याला भिडण्याआधी तो डबी पाठीकडं सरकवून दोरा काखेत आवळून बांधायचा. त्या वर्षी घाईत गाठ सैल राहिली. गोटा मांडीवर आला, लोक आरडाओरडा करू लागले, मामानं तो छातीकडं ओढला आणि डबी घसरून पुढं आली, नेमकी दगड आणि छाती यांच्या मधे. आप्पा आणि मी अगदी समोर होतो. अजून एक हिसका दिला असता तर गोटा खांद्यावर होता. मामानं खाली पाहिलं आणि हात सोडले.

गोटा मातीत रुतला. मागं कुणीतरी हसलं. आप्पा पुढं झाले तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. "म्या माझा शब्द माघारी घेतो. जा तू तालमीत."

"तुमच्या पायाला हात लावलाय, आप्पा," मामा धापा टाकत म्हणाला. "देवाला दाबून गोटा उचलला न्हाई, आता बोललेलं मोडू का? चला, दुकान उघडायचंय."

पुढं काही दिवस तो गादीवर बसून नुसता तळहात चोळायचा. मला त्याच्याकडं बघवायचं नाही. मग एके सकाळी त्यानं दारातल्या गिऱ्हाइकालाच उचललं. आप्पा खेकसले, तर म्हणाला, "दगडाचं बोललो व्हतो. माणसाचं कुठं बोललो?"

आता मामा पार थकलाय आणि माझं पोट चांगलंच सुटलंय. मी गावी गेलो की तो खाटेवरून उठतो, थरथरते हात माझ्या बगलेत घालतो आणि डोळे मिटतो. मी गुपचूप टाचा उचलून चवड्यांवर उभा राहतो. आणखी वर जाता आलं असतं तर गेलो असतो.

"लय घटलास रे," तो काळजीनं म्हणतो. "जेवत न्हाईस का?"