गोधडीच्या पाठीचे पत्ते

"लबाडी करायला हात लागत न्हाईत, तोंड पुरतं, माजे हात दुसऱ्या कामाचे हायेत."

केडगावात, प्रेसच्या दारात, मुक्ताबाई हे आपल्या जावेला म्हणाली होती. आत मशीनपाशी उभ्या असलेल्या नियाजनं ते ऐकलं होतं. जाऊ म्हणजे रतनबाई. ती डबा द्यायला आली होती आणि डब्याबरोबर गल्लीतलं बोलणंही घेऊन आली होती. "लोक म्हनत्यात, बन्सीची बायको पत्त्याला लागली. उद्या नवऱ्याचा टेम्पो लावशील डावावर." मुक्ताबाईनं डबा घेतला, ते एवढं वाक्य बोलली, आणि आत येऊन पत्रिकांना घड्या घालायला बसली.

नियाजची प्रेस लग्नपत्रिकांची, वडिलांपासून चालत आलेली. मुक्ताबाई माहेरची सोनईची. लग्न होऊन केडगावात आली आणि थोड्याच वर्षांत प्रेसमध्ये लागली. घड्या घालायच्या, पाकिटं भरायची, मोजायचं. मोजताना ती गठ्ठा डाव्या हातात उभा धरायची आणि उजव्या मनगटाला एक पीळ द्यायची. कागद पंख्यासारखे उलगडायचे, बोट त्यांच्यावरून पाच-पाच करत पळायचं. बाइंडिंगच्या सगळ्याच बायका असं मोजतात. पण मुक्ताबाईचा पंखा उलगडला की नियाजचा हात कामावर थांबे. एक कागद पुढं नाही, एक मागं नाही. कागदांनी आधीच आपसांत ठरवून ठेवल्यासारखं. त्यानं हे तिला कधी सांगितलं नाही. जन्मभर एका खोलीत काम करणारी माणसं एकमेकांची तारीफ करत नाहीत; चहा सांगतात.

तारीफ केली ती त्याच्या मुलीनं, उझ्मानं. एकदा मोबाईलवर तिनं कुठल्या तरी परदेशी माणसाचे पत्त्यांचे खेळ दाखवले. पंखा, धबधबा, एका हातानं काटणं. मुक्ताबाईनं चष्मा वर सरकवून बघितलं.

"ह्यात काय हाय? ह्ये तर मी पाकिटं मोजताना करते."

"मग करा ना मौसी, पत्त्यांवर."

कोपऱ्यावरच्या टपरीतून पत्त्यांचा कॅट आला. प्लॅस्टिकचा होता, मासळीसारखा हातातून निसटला. मग कागदी आणला. तो घामानं फुगला आणि चार दिवसांत पापड झाला. तिसऱ्याचे कोपरे मुडपले. मुक्ताबाई हट्टाला पेटली. दुपारी जेवण झालं की हात धुऊन, कोरडे करून ती पत्ते घेऊन बसायची. पडायचे, उचलायची. पुन्हा पडायचे.

"ह्ये पत्ते खेळायला केल्यात," एके दिवशी ती म्हणाली, "हातात धरायला न्हाई. नियाजभाई, आपुन करू."

"आपण? पत्रिका कमी झाल्यात म्हणून पत्ते छापायचे?"

"पत्रिका लोकांच्या लग्नाला जात्यात. ह्ये कुटंच जानार न्हाई. माज्यापाशी ऱ्हाईल."

उरलेल्या कार्डापासून सुरुवात झाली. कागदालाही कापडासारखं उभं-आडवं असतं. चुकीच्या अंगानं कापला की पत्ता वाकवल्यावर रुसतो, परत सरळ होत नाही. ते कळायला बरीच रद्दी झाली. उजेडात आरपार दिसू नये म्हणून दोन पातळ कागदांच्या मध्ये काजळ कालवलेली खळ घातली. पत्त्यावर पत्ता सरकावा म्हणून नियाजनं माळ्यावरचा जुना रूळ काढला. भारी पत्रिकांवर कापडाच्या विणीसारखी खरखर उठवायला तो त्याच्या वडिलांनी आणला होता. त्यातून पत्ते निघाले, मुक्ताबाईनं मनगट वळवलं, आणि पंखा पहिल्यांदा कुठंही न अडता पूर्ण गोल उघडला. नियाजनं चहा सांगितला.

पाठीवरची नक्षी तिचीच. तिची आई गोधडी शिवायची तसे धावते टाके, कडेकडून आत, आत, मधल्या चौकोनापर्यंत. वरून धरा की खालून, पाठ तीच. पंखा उघडला की टाके एका पत्त्यावरून दुसऱ्यावर चालत जायचे आणि गोधडी गोल फिरायची.

भांडण झालं ते कडेच्या पांढऱ्या पट्टीवरून. नियाज म्हणाला, पट्टी काढू. पट्टी असली की पत्ता केसभर सरकला तरी लगेच दिसतं. नक्षी कडेपर्यंत नेली तर चूक झाकून जाईल.

"ऱ्हाऊ द्या पट्टी."

"चूक दिसंल, मुक्ताबाई."

"दिसू द्या की. माजी हाय."

उझ्मानं त्या हातांचा व्हिडिओ टाकला आणि तो सोनईपर्यंत गेला. एका दुपारी प्रेसपुढं पांढरी गाडी थांबली. आबासाहेब उतरले. मुक्ताबाईच्या माहेरच्या गल्लीतले. तिथं त्यांचा पत्त्यांचा क्लब होता. नागपंचमीला तालुक्यातली मोठी माणसं त्यांच्याकडं डाव मांडून बसत.

"मुक्ते, आगं केवढी झालीस! आन तुझा त्यो कॅट?"

तिनं दिला. आबासाहेबांनी एक पत्ता उजेडाला धरला. उलटा केला. चष्मा काढला, घातला. दुसरा घेतला, दोन्ही शेजारी ठेवले, नाक लावून बघितले. मग हसले.

"लई बेमालूम हाय गं! खूण हाय कुटं?"

"खूण न्हाई, आबादादा."

"आपल्या मानसाला तरी सांग."

"न्हाईच तर काय सांगू?"

"एवढी हातचलाखी करतीस, आन पत्त्याला खूण न्हाई?" आबासाहेबांना खरंच समजत नव्हतं. मोट बघावी आणि विहीर कुठं आहे ते विचारावं, तसा त्यांचा चेहरा झाला होता. "बरं, नसंल तर घाल. एक्क्याला आन राजाला. पंचमीला मी सगळ्यांना ह्योच कॅट वाटनार. छपाई सगळी हितंच. हितून पुढं क्लबचं, इलेक्शनचं, समदं हितंच."

"न्हाई जमनार."

"आगं, कोनाला कळतंय?"

"मला कळतंय. पाठ माज्या आयेची हाय."

आबासाहेब गेले. रात्री नियाजला त्यांचा फोन आला.

लग्नाची आमंत्रणं आता मोबाईलवर जातात. मशीनवर पांघरूण घालून ठेवायचे दिवस आठवड्यात जास्त झाले होते. मुक्ताबाईला घरी बसा म्हणावं लागेल, हे नियाज महिनाभर जिभेवर घोळवत होता. त्यानं फोनवर हो म्हटलं आणि स्वतःला समजावलं की हे तिच्यासाठीच आहे. दुसऱ्या दिवशी तो तिला म्हणाला, "मानले आबासाहेब. साधेच छापायचेत, खुणेबिगर."

मुक्ताबाईनं घरून गूळ-शेंगदाणे आणले. सगळ्यांच्या हातावर ठेवले, नियाजच्या हातावर जरा जास्त. खळ तिनं स्वतः कालवली. "लोकांच्या हातात पडू द्या," ती म्हणाली. "मग बघू कोन काय म्हनतंय."

ती घरी गेल्यावर नियाजनं पाठीची नक्षी छापायची दुसरी रेशमी जाळी बनवून चढवली. कोपऱ्यातला एक टाका त्यानं एवढासा, अगदी एवढासाच आत सरकवला. एक्क्यांची आणि राजांची पाठ त्या जाळीतून निघाली. पुड्या त्यानंच बांधल्या. "तुमचे हात जपा," म्हणाला.

पंचमीच्या आधी आबासाहेब माल न्यायला आले ते दोस्तांना घेऊनच. त्यात नेवाशाचे गहिनीनाथ पाटील होते, जाड बोटांचे, तोंडाळ, उसाचे मोठे बागायतदार. मुक्ताबाई नवं लुगडं नेसून आली होती.

"आमच्या गल्लीतली पोर," आबासाहेब म्हणाले. "दाव गं, मुक्ते."

तिनं ताजी पुडी फोडली आणि पंखा उघडला. गोधडी फिरली. आणि थांबली. बाकी कुणाला दिसलं नाही, नियाजला तिच्या पापणीत दिसलं. तिनं पंखा मिटला. गठ्ठ्याचा कोपरा अंगठ्याखाली धरून ती एकेक पत्ता सोडत गेली, रद्दीत चुकून दुसरा कागद मिसळला असला तर शोधतात तसं. फर्रर्र. सगळे टाके जागच्या जागी उभे. एकच टाका उड्या मारत होता.

तिनं वर बघितलं, नियाजकडं. नियाजनं मशीनकडं बघितलं.

मग ती गहिनीनाथांच्या पुढ्यात गेली आणि गठ्ठा त्यांच्या नाकापाशी धरून पुन्हा सोडला, सावकाश.

"आरं, ह्यो टाका नाचतोय की!"

"कुटं नाचतोय?" आबासाहेब पुढं आले.

टाका उडाला तिथं तिनं गठ्ठा काटला आणि पत्ता उलटवला. किलवरचा एक्का. पुन्हा सोडला, पुन्हा काटला. बदामचा राजा. गहिनीनाथ हसायला लागले, पण ते हसू चांगलं नव्हतं.

"आबा, पंचमीला आमाला जेवायला बोलावतोस का आमालाच वाढून घेतोस?"

"आरं, तिची हातचलाखी हाय!" आबासाहेबांचा आवाज चढला. "तिचा धंदाच त्यो. लबाड बाई! समदं केडगाव म्हनतंय."

सगळे तिच्या हातांकडं बघायला लागले. रतनबाईचं बोलणं जणू खोलीत येऊन उभं राहिलं. नियाजला बोलता आलं असतं. त्याच्या तोंडात शब्द तयार होता, गुळासारखा, आणि विरघळत चालला होता.

मुक्ताबाईनं गठ्ठा गहिनीनाथांच्या तळहातावर ठेवला. "तुमीच करा, पाटील."

ज्या हातांनी कधी पत्ता नीट पिसला नव्हता, त्या हातांनी पत्ते सुटले. काही खाली पडले, काही दोन-दोन गेले. तरी टाका नाचला.

गहिनीनाथांनी राहिलेले पत्ते आबासाहेबांच्या कुडत्याच्या खिशात कोंबले आणि बाहेर जाऊन गाडीला टेकून उभे राहिले. मागून बाकीचे गेले.

"मुक्ताबाई," नियाज म्हणाला, "टाका मी सरकवला. मशीन बंद पडलं असतं. तुमचंच काम गेलं असतं."

ती भिंतीपाशी गेली. तिथं दोन्ही जाळ्या टांगलेल्या होत्या, खरी आणि सरकवलेली. तिनं टेबलावरचा कटर उचलला. सरकवलेली जाळी वरपासून खालपर्यंत फाडली. मग खरी जाळी खाली घेतली, गोधडीवरून एकदा हात फिरवला, आणि तीही फाडली. रेशमी जाळीचा आवाज लुगडं फाटावं तसा आला.

कटर जागेवर ठेवला. तिचा स्वतःचा कॅट, हातानं केलेला, पांढऱ्या पट्टीचा, कपाटावर होता. तो तिनं पिशवीत टाकला. डबा घेतला. आबासाहेब दारात उभे होते. ते बाजूला होईपर्यंत ती त्यांच्या तोंडाकडं बघत थांबली. ते झाले.

नियाज मागोमाग दारापर्यंत आला. "मुक्ताबाई, उद्या..."

ती पायरी उतरली, गाडीला टेकलेल्या माणसांमधून सरळ गेली, आणि पुणे रस्त्याकडं चालू लागली.